टेक्सस फ्लड (ध्वनिमुद्रिका)

टेक्सस फ्लड : अमेरिकन ब्लूज-रॉक गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन (३ ऑक्टोबर १९५४ – २७ ऑगस्ट १९९०) आणि त्याचा ‘डबल ट्रबल’ हा वाद्यवृंद यांची पहिली ध्वनिमुद्रिका. एपिक कंपनीने ती १३ जून १९८३ रोजी प्रकाशित केली. तीत दहा रचना असून त्यांपैकी ‘टेस्टिफाय’, ‘रूड मूड’ व ‘लेनी’ या तीन निव्वळ वाद्यसंगीताच्या आहेत. सहा रचना व्हॉनच्या स्वतःच्या (एक सहलेखनातील) व चार इतरांच्या; एकूण अवधी एकोणचाळीस मिनिटांच्या आसपास. वादक तिघेच : गिटार व गायन व्हॉनचे, बास टॉमी शॅननचा, ड्रम्स ख्रिस लेटनचे. १९८०च्या दशकात ब्लूजकडे जो नवा श्रोतावर्ग वळला त्याचा आरंभ बहुधा या ध्वनिमुद्रिकेपासून धरतात. हे श्रेय एकट्या ध्वनिमुद्रिकेला देणे थोडे अतिरिक्त असले, तरी कालक्रमाच्या दृष्टीने चुकीचे नाही.

पूर्वपीठिका : व्हॉनचे बालपण टेक्ससमधील डॅलस शहराच्या ओक क्लिफ भागात गेले. विजेच्या गिटारवर ब्लूज वाजविण्याची घडी बसविणारा टी-बोन वॉकर याच वस्तीत वाढला होता. थोरला भाऊ जिमी (जन्म १९५१) हा पहिला गुरू. त्याच्या टाकून दिलेल्या गिटार आणि तबकड्या धाकट्याच्या हाती पडल्या. शाळा अर्धवट सोडून १९७२च्या सुमारास व्हॉन ऑस्टिनला आला. पुढली दहा वर्षे त्याने तेथील क्लबांत रात्रीमागून रात्री वाजविले. क्लिफर्ड अँटोन याने १९७५ साली काढलेल्या ‘अँटोन्स’ या क्लबात शिकागोचे व दक्षिणेचे ज्येष्ठ ब्लूज वादक येत आणि स्थानिक पोरांना सोबत मंचावर उभे करीत. ज्येष्ठ ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगशी व्हॉनची ओळख तेथलीच, आणि तिचे महत्त्व पुढे येईल. ‘डबल ट्रबल’ हे नाव शिकागोचा ब्लूज गायक ओटिस रश याच्या एका गीतावरून घेतले. सुरुवातीला लू अ‍ॅन बार्टन ही गायिका वाद्यवृंदात होती. ती बाहेर पडल्यावर गायनाचा भार व्हॉनवर आला. त्याने तो काहीसा नाइलाजाने उचलला असावा. शॅनन १९८१च्या आरंभी आला. गिटारवादक जॉनी विंटरसोबत १९६९ साली वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर वाजविलेला हा बासवादक तिघांतला सर्वांत अनुभवी.

‘पहिली’ कोणती : संदर्भग्रंथांत ‘पदार्पणाची ध्वनिमुद्रिका’ असा उल्लेख सरसकट येतो, त्याला थोडी पुरवणी हवी. डॅलसमधील शाळकरी वाद्यवृंदांच्या ‘अ न्यू हाय’ या १९७१च्या संकलनात ‘कास्ट ऑफ थाउझंड्स’ नावाच्या चमूची दोन गीते आहेत व त्यांत गिटार व्हॉनची आहे. (या चमूचा गायक स्टीव्हन टोबोलोव्स्की पुढे चित्रपट अभिनेता झाला.) त्यानंतर पॉल रे व ‘कोब्राज’ यांच्यासोबत एक छोटी तबकडी निघाली. १९७९च्या सुमारास डबल ट्रबलचे बरेच साहित्य ध्वनिमुद्रित झाले होते, पण ते प्रकाशित झाले नाही. १ एप्रिल १९८० रोजी ऑस्टिनच्या ‘स्टीमबोट १८७४’ येथे झालेल्या मैफलीचे मुद्रण व्हॉनच्या मृत्यूनंतर, १९९२ साली ‘इन द बिगिनिंग’ या नावाने निघाले. मुद्रणाच्या क्रमाने पाहता ते टेक्सस फ्लडच्या आधीचे, प्रकाशनाच्या क्रमाने नंतरचे. प्रस्तुत नोंदीत ‘पहिली’ हा शब्द स्वतःच्या नावाने व स्वतःच्या संमतीने प्रकाशित झालेली पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रिका, एवढ्याच अर्थाने घेतला आहे. स्टीमबोटचे मुद्रण शेजारी ठेवून ऐकले, की व्हॉनचा हात १९८० सालीच तयार झाला होता हे कळते. वाजवून वाजवून घोटलेला माल टेक्सस फ्लडमध्ये फक्त फितीवर उतरला.

माँट्रो : निर्माता जेरी वेक्सलर याने ऑस्टिनमध्ये हा वाद्यवृंद ऐकून माँट्रो जाझ महोत्सवाचा संचालक क्लोद नोब्स याच्याकडे शिफारस केली. तोवर कोणत्याही कंपनीशी करार नसलेले हे तिघे १७ जुलै १९८२ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वाजले. श्रोत्यांच्या एका भागाने हुर्यो उडविली. त्या रात्रीचा कार्यक्रम मुख्यतः विनाविद्युत ब्लूजचा असल्याने तिघांचा आवाज लोकांना झेपला नाही, हे कारण सामान्यतः दिले जाते व ते पटण्याजोगे आहे. दृश्यफीत पाहिली तर टाळ्याही कमी नाहीत. त्याच महोत्सवात इंग्लिश गायक डेव्हिड बोवी व अमेरिकन गायक-गीतकार जॅक्सन ब्राउन यांनी व्हॉनला ऐकले. बोवीने आपल्या ‘लेट्स डान्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याला बोलाविले. ब्राउनने लॉस अँजेलिस येथील आपला स्टुडिओ विनामूल्य देऊ केला. उत्तरकथा मासलेवाईक आहे : माँट्रोमधील मुद्रणे असलेल्या ‘ब्लूज एक्स्प्लोजन’ या संकलनाला, ज्यात व्हॉनही आहे, १९८५ साली ग्रॅमी मिळाले.

ध्वनिमुद्रण : ब्राउनचा ‘डाउन टाउन स्टुडिओ’ म्हणजे गोदामवजा मोठी जागा. तिघे एकमेकांसमोर बसून, समोर श्रोते असावेत तसे, सलग वाजले. मुद्रणाचे काम रिचर्ड मलन याने पाहिले. तीन दिवसांपैकी पहिला दिवस सामान मांडण्यात व आवाज जुळविण्यात गेला आणि बहुतेक गीते शेवटच्या दिवशी हातावेगळी झाली, असा वृत्तांत आहे. फितही आधी वापरलेली होती. नमुना म्हणून कंपन्यांना ऐकविण्यासाठी केलेले हे मुद्रण होते, ध्वनिमुद्रिका म्हणून नव्हे.

तारखांबाबत थोडी गफलत दिसते. सामान्यतः २२ ते २४ नोव्हेंबर १९८२ या तारखा दिल्या जातात आणि सोबत ‘थँक्सगिव्हिंगच्या सुटीचा शनिवार-रविवार’ असेही लिहिले जाते (थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा अमेरिकन सण). दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगचा गुरुवार २५ नोव्हेंबरला होता. म्हणजे २२ ते २४ हे सोमवार ते बुधवार ठरतात. ‘सुटीचा आठवडा’ हे सैल स्मरण पुढे ‘सुटीचे शेवटचे दिवस’ असे घट्ट झाले असावे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, इतके निश्चित धरण्यास हरकत नाही.

नमुन्याची फीत जॉन हॅमंड (१९१०–८७) याच्या हाती गेली. बिली हॉलिडे, काउंट बेसी, बॉब डिलन यांना पुढे आणणारा हा निर्माता. १९६१ साली रॉबर्ट जॉन्सनची जुनी मुद्रणे एका तबकडीत बांधून ब्लूजला दुसरा जन्म देण्यातही त्याचा वाटा होता. त्याच्या शब्दाखातर एपिकने करार केला, आणि नमुन्याचे मुद्रण जवळपास जसेच्या तसे प्रकाशित झाले. मुखपृष्ठावर ब्रॅड हॉलंड याने चितारलेली व्हॉनची आकृती आहे. दरम्यान ‘लेट्स डान्स’ एप्रिल १९८३ मध्ये बाजारात आली होती. त्या नृत्यसंगीतात मध्येच उमटणारी अल्बर्ट किंगच्या वळणाची गिटार कोणाची, हे कुतूहल टेक्सस फ्लडच्या पथ्यावर पडले. बोवीच्या जागतिक दौऱ्यातून मात्र व्हॉन ऐनवेळी बाहेर पडला.

नामगीत व त्याचे कर्तृत्व : ध्वनिमुद्रिकेला नाव देणारे गीत व्हॉनचे नाही. लॅरी डेव्हिस (१९३६–९४) याने ते १९५८ साली ह्यूस्टनच्या ड्यूक कंपनीसाठी गाइले. डेव्हिस तेव्हा बास वाजवीत असे. त्या मुद्रणातली गिटार फेंटन रॉबिन्सन (१९३५–९७) याची आहे. दोघांची ड्यूककडे शिफारस गायक बॉबी ब्लँड याने केली होती.

लेखक म्हणून डेव्हिस आणि जोसेफ स्कॉट अशी दोन नावे नोंदलेली आहेत व टेक्सस फ्लडवरही तीच आहेत. स्कॉट हा ड्यूकचा संगीत संयोजक, ब्लँडच्या वाद्यवृंदाचा ट्रम्पेटवादक नेता. त्याचे नाव शब्दांसाठी, चालीसाठी की केवळ संयोजनासाठी, हा प्रश्न उरतो. येथे कंपनीचा रिवाज ध्यानात घ्यावा लागतो. ड्यूकचा मालक डॉन रोबी ‘डेड्रिक मलोन’ या टोपणनावाने असंख्य गीतांचे लेखकपद आपल्याकडे घेत असे, त्यामुळे तबकडीवर छापलेले नाव हा त्या घराण्यात कर्तृत्वाचा पुरावा मानता येत नाही. एक मत असे, की गीत डेव्हिसचेच आणि स्कॉटचे नाव रिवाजाने आले. दुसरे मत रॉबिन्सनच्या गिटारला झुकते माप देते : आज जे सूर ऐकताच हे गीत ओळखू येते ते त्याच्या बोटांतून निघाले, आणि त्याचे नाव मात्र कागदावर कोठेच नाही. दोन्ही मतांत विरोध नाही. शब्द व गाण्याची धाटणी डेव्हिसची, गिटारचा आराखडा रॉबिन्सनचा, अशी वाटणी मुद्रण ऐकताना सर्वांत सयुक्तिक वाटते. रॉबिन्सनच्या बाबतीत असे पुन्हाही घडले : त्याचे १९६७चे ‘समबडी लोन मी अ डाइम’ हे गीत दोन वर्षांनी बॉझ स्कॅग्ज याच्या ध्वनिमुद्रिकेवर स्कॅग्जच्याच नावाने आले आणि प्रकरण वादात गेले.

गीताचा विषय साधा आहे. टेक्ससमध्ये पूर आला आहे, टेलिफोनच्या तारा कोसळल्या आहेत, प्रियेला फोन लागत नाही. शेवटी निवेदक जेथे पूर नाही अशा आपल्या गावी परतायचे ठरवितो. हा पूर १९५७चा, असे समीकरण बऱ्याच ठिकाणी मांडलेले आढळते. ऐतिहासिक आधार आहे : १९५०पासून टेक्ससला ग्रासलेला दीर्घ दुष्काळ १९५७च्या वसंतातील अतिवृष्टीने आणि महापुरांनी संपला. कोरड्या दुष्काळावर ओला दुष्काळ, आणि मुद्रण पुढच्याच वर्षीचे. तरीही सावध राहावे. गीतात वर्ष नाही, नदी नाही, गाव नाही. शिवाय ब्लूजच्या इतिहासात अशाच घाईने झालेली एक चूक प्रसिद्ध आहे. गायिका बेसी स्मिथचे ‘बॅकवॉटर ब्लूज’ हे १९२७च्या मिसिसिपीच्या महापुराचे गीत म्हणून अनेक वर्षे सांगितले गेले. पण त्याचे मुद्रण फेब्रुवारीतले आणि मिसिसिपीचे मोठे बांध फुटले एप्रिलमध्ये. ते गीत आता कंबरलँड नदीच्या, नॅशव्हिलकडील आधीच्या पुराशी जोडले जाते. पूर हा ब्लूजमध्ये विरहाचा जुना संकेत आहे. त्याला दर वेळी पंचांगातला दिवस शोधण्याची गरज नसते.

व्हॉनने या गीताचे काय केले? डेव्हिसच्या मुद्रणात पियानो आहे, सॅक्सोफोन आहेत, गायक मध्यभागी आहे. व्हॉनकडे यातले काहीच नाही. ठाय लयीतील बारा मात्रांच्या खंडांचे (येथे ‘मात्रा’ म्हणजे बार, प्रत्येक बारमध्ये चार ठोके व प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे) एकेक आवर्तन पुरे होताना दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागा गिटारच भरते. जी उत्तरे मूळ मुद्रणात सॅक्सोफोन देतात ती येथे एकटी तार देते. अवधी पाच मिनिटांवर गेला. तार ओढून सूर वर चढविण्याची, चढवून तेथेच थरथरत ठेवण्याची लकब अल्बर्ट किंगची. तीत सतारीच्या मींडेचा भास होतो, पण मींड सहसा पुढच्या सुरावर विसावते आणि हा सूर कित्येकदा दोन सुरांच्या मध्येच अडकून राहतो. ब्लूजची आर्तता त्या अडकण्यात आहे. नवख्या श्रोत्याने ध्वनिमुद्रिकेतली सर्वांत वेगवान ‘रूड मूड’ आधी न लावता हे गीत आधी ऐकावे.

वाद्य व त्याचा काळ : व्हॉनची मुख्य गिटार फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, त्याच्या शब्दांत ‘नंबर वन’. ती त्याने ऑस्टिनमधील रे हेनिग याच्या दुकानातून १९७३–७४च्या सुमारास घेतली. व्हॉन तिला १९५९ची म्हणत असे आणि जुन्या लेखनात तेच वर्ष आढळते. या वर्षाचा आधार पिकअपवर (तारांचे कंपन विजेच्या लहरींत बदलणारा भाग) नोंदलेला १९५९चा आकडा. नेक (मान) व बॉडी (धड) यांवरील खुणा मात्र अनुक्रमे १९६२ व १९६३च्या आहेत. नेकवरील रोझवूडची पट्टीही याला दुजोरा देते. फेंडरने रोझवूड १९५९च्या मध्यापासून वापरले, पण आधी ते सपाट जाड फळीसारखे बसवीत. खालून वक्र असलेली पातळ पट्टी १९६२च्या मध्यानंतर आली, आणि ‘नंबर वन’ची पट्टी वक्र जातीची आहे. जुळणी करताना कारखान्यात शिल्लक राहिलेले जुने पिकअप बसविले गेले की पुढे कोणी बदलले, यांपैकी पहिली शक्यता अधिक सोपी आहे. एकंदर गिटार १९६३ची मानणे योग्य. तिच्यावर डाव्या हाताच्या वादकासाठी असलेला ट्रेमोलो दांडा (तारांचा ताण कमीजास्त करून सूर हेलकावणारा) उजव्या हाताच्या गिटारवर बसविलेला आहे. डाव्या हाताने वाजविणारा रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याचे स्मरण त्यामागे असावे.

आवाजाच्या जाडीचे मूळ तारांत आहे. सामान्य वादक पहिली तार ०·००९ वा ०·०१० इंच जाडीची लावतो; व्हॉन ०·०१३ आणि सहावी ०·०५८ इंचापर्यंत नेत असे. असल्या तारा ओढणे बोटांची साले काढणारे काम आहे. त्यावर उपाय म्हणून व गळ्याच्या सोयीसाठी सहाही तारा अर्ध्या सुराने उतरविलेल्या. म्हणून ‘प्राइड अँड जॉय’ हाताच्या ठेवणीने ई स्वरात असले तरी ऐकू येते ई कोमलात, आणि नामगीत जी ऐवजी जी कोमलात. केवळ कानाने गीत उचलणाऱ्या शिकाऊ वादकांची पहिली फसगत येथेच होते. अँप्लिफायरांत फेंडरचा पंधरा इंची स्पीकर असलेला व्हायब्रोव्हर्ब (निर्मिती १९६३–६४) आणि स्टुडिओतच असलेला, ब्राउनच्या मालकीचा, हॉवर्ड डंबल याने बनविलेला अँप्लिफायर यांचा उल्लेख येतो. दुसरा यजमानाचा असल्याने व्हॉनचा ‘खास’ आवाज म्हणून जो गाजला त्यात उसनवारीचा वाटा किती, याची चर्चा गिटारवाल्यांत अजून संपलेली नाही. डंबलचे अँप्लिफायर कमालीचे स्वच्छ वाजतात आणि या ध्वनिमुद्रिकेतला सूरही समजतात त्यापेक्षा स्वच्छ आहे. फाटलेपणा बराचसा बोटांच्या जोराचा आहे.

इतर रचना : ‘प्राइड अँड जॉय’ ही टेक्सस शफलची (ब्लूजमधील एक हेलकावती लय) आदर्श रचना. खालच्या तारांवर चालता बास आणि वरच्या तारांवर ठोक्याआड पडणारा झटका, दोन्ही एकाच हाताने. तीन वादकांत चौथा असल्याचा भास होतो तो यामुळे. ‘आय ॲम क्राइन’ हे तिचेच उदास जुळे भावंड आहे. दोन्ही एकाच ध्वनिमुद्रिकेत ठेवण्यात फार धोरण नव्हते, हाताशी असलेली गीते घेतली एवढेच. ‘रूड मूड’चा मूळ झरा लाइटनिन हॉपकिन्सचे ‘हॉपकिन्स स्काय हॉप’. ‘टेस्टिफाय’ हे आयझली ब्रदर्स या गायकवृंदाचे १९६४चे. त्या मुद्रणात गिटार तरुण हेंड्रिक्सची होती, म्हणून व्हॉनची ही निवड केवळ योगायोग मानता येत नाही. ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ हे बालगीत बडी गाय याने १९६८ साली ब्लूजमध्ये आणले होते. ‘टेल मी’ हाउलिन वुल्फचे. ‘डर्टी पूल’मध्ये सहलेखक डॉइल ब्रॅमहॉल, सतत थरथरणाऱ्या आघातांचे हे गीत उगीच दुर्लक्षित राहिले आहे. ‘लव्ह स्ट्रक बेबी’ रॉक अँड रोल वळणाचे, आरंभी ठेवण्यापुरते बरे.

शेवटची ‘लेनी’ ही व्हॉनची पत्नी लेनोरा हिच्या नावची, शब्दाविना रचना. येथे ब्लूजचा साचा बाजूला राहतो. हेंड्रिक्सच्या हळुवार गीतांतले स्वरसंघ व ट्रेमोलो दांड्याचे हेलकावे येतात. ती जिच्यावर वाजविली ती, गहाणवटीच्या दुकानातून आलेली १९६५ची स्ट्रॅटोकास्टरही ‘लेनी’ याच नावाने ओळखली जाते. २००४ सालच्या लिलावात तिला ६,२३,५०० डॉलर आले.

स्वागत : ध्वनिमुद्रिका ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रियता-यादीत ३८व्या क्रमांकापर्यंत चढली, अमेरिकेतील विक्री कालांतराने वीस लाखांवर गेली. ग्रॅमीसाठी तिला दोन नामांकने मिळाली, नामगीताला पारंपरिक ब्लूजमध्ये आणि ‘रूड मूड’ला रॉक वाद्यसंगीतात. हे संगीत ब्लूज की रॉक, या वादाला निवड समितीने दोन्हीकडे नाव घालून दिलेले उत्तर बरेच व्यवहारी आहे. ‘गिटार प्लेयर’ मासिकाच्या १९८३च्या वाचक-कौलात व्हॉनला तीन विभागांत प्रथम स्थान मिळाले. आक्षेपही तेव्हापासूनचे : अल्बर्ट किंग व हेंड्रिक्स यांची नक्कल, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताचा लाभ गोऱ्याने घेणे. पहिला आक्षेप ‘लेनी’पुरता आणि नामगीतातील काही तुकड्यांपुरता खरा आहे. दुसऱ्याबाबत एवढे नोंदवावे, की ब्लूज क्षेत्रातील डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कारांत १९८४ साली व्हॉनची निवड झाली. आणि त्याआधी लॅरी डेव्हिसला त्याच्या ‘फनी स्टफ’ (१९८२) या पुनरागमनाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी हेच पुरस्कार मिळाले होते. एपिकच्या वितरणाचा पल्ला मात्र डेव्हिसच्या छोट्या कंपनीला नव्हता.

पुढील आवृत्त्या : १९९९ साली वाढीव मुद्रणांसह आणि २०१३ साली त्रिदशकपूर्तीनिमित्त दोन तबकड्यांची आवृत्ती निघाली. दुसऱ्या तबकडीत २० ऑक्टोबर १९८३ रोजी फिलाडेल्फियातील ‘रिप्लीज म्युझिक हॉल’ येथे झालेली मैफल आहे.